उथळ पाण्यातलं बुडालेलं जहाज आणि थंडीचा हिशेब

इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, प्लिमथ बंदराच्या पश्चिमेला व्हिट्सँड बे नावाचा उपसागर आहे. तिथे ‘जेम्स ईगन लेन’ नावाचं जहाज तळाला टेकून बसलं आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने एकाच आराखड्यावरून २,७१० ‘लिबर्टी’ मालवाहू जहाजं धडाधड बांधली, त्यांतलंच हे एक. २१ मार्च १९४५ रोजी जर्मन पाणबुडीचा टॉर्पेडो त्याला लागला. ओढत ओढत किनाऱ्याजवळ आणलं, पण जहाज काही वाचलं नाही. माणसं तेवढी सगळी वाचली. पाणी इतकं कमी होतं की पुढे कित्येक वर्षं त्याच्या डोलकाठ्या लाटांच्या वर दिसत होत्या. तिथला तळ साधारण २० ते २५ मीटरवर आहे आणि जहाजाचे उंच भाग त्याहून बरेच वर आहेत.

आकडे वाचून कोणालाही वाटेल, वीस मीटर म्हणजे काय मोठंसं! स्कुबा शिकवणाऱ्या संस्था अगदी पहिल्या प्रमाणपत्रावर १८ ते २० मीटरपर्यंत जायची परवानगी देतात. पण उबदार, निळ्याशार पाण्यातले वीस मीटर आणि दहा अंशांच्या हिरव्या पाण्यातले वीस मीटर यांत फार फरक आहे, आणि तळाशी गंजलेलं जहाज असेल तर तो आणखी वाढतो.

पाण्याखाली किती वेळ राहता येईल हे चार गोष्टींवर ठरतं: टाकीतली हवा, रक्तात विरघळणारा नायट्रोजन (घाईने वर आलं की त्याचे बुडबुडे होतात), शरीरातली ऊब आणि भरती-ओहोटीचा प्रवाह. चारांपैकी जी मर्यादा सगळ्यात आधी गाठली जाईल ती डाइव्ह संपवते. अभ्यासक्रमात सगळ्यात जास्त पानं नायट्रोजनवर खर्च होतात. थंड किनाऱ्यावरच्या उथळ जहाजावर मात्र नायट्रोजनचा नंबर क्वचितच पहिला लागतो. तिथे निर्णय घेतात ते ऊब आणि प्रवाह. ही एक गोष्ट नीट समजली की सामान, वेळापत्रक, सवयी हे सगळं असं का असतं ते आपोआप उलगडतं.

ऊब कुठे जाते

पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. शिवाय तेवढ्याच आकारमानाची हवा आणि पाणी एक अंशाने तापवायचं म्हटलं, तर पाण्याला जवळजवळ साडेतीन हजार पट उष्णता लागते. म्हणजे तुम्ही समुद्राला कितीही ऊब दिलीत तरी तो ढिम्म हलत नाही, तुम्ही मात्र गार पडत जाता. हवेत दहा अंशांना स्वेटर घालून माणूस मजेत फिरतो. त्याच तापमानाच्या पाण्यात उघड्या अंगाने उतरला तर पहिल्या अर्ध्या मिनिटातच धाप लागते, श्वासावरचा ताबा सुटतो. याला कोल्ड शॉक म्हणतात. दोन-तीन मिनिटांत तो ओसरतो. त्यानंतर हातापायांतलं बळ जायला लागतं. संपूर्ण शरीराचं तापमान धोक्याच्या खाली जायला, म्हणजे हायपोथर्मिया व्हायला, साधारण अर्धा तास किंवा अधिक लागतो. बातम्यांमध्ये थंड पाण्यातल्या मृत्यूंवर सरसकट हायपोथर्मियाचा शिक्का मारतात, पण त्यातले बरेच जण इतका वेळ टिकतच नाहीत. पहिल्या काही मिनिटांतच नाकातोंडात पाणी जातं.

डायव्हरच्या अंगावर सूट असतो, त्यामुळे त्याला कोल्ड शॉकचा पूर्ण तडाखा बसत नाही. पण चेहऱ्याचा काही भाग उघडाच असतो. म्हणून अनुभवी मंडळी बोटीवरून उडी मारल्यावर लगेच खाली जात नाहीत. बोयाला धरून आधी चेहरा पाण्यात घालतात, कपाळात कळ येते ती येऊन जाऊ देतात, श्वास संथ झाला की मगच उतरतात. या एका मिनिटात खूप काही वाचतं. धापा टाकत उतरणारा माणूस अर्धी टाकी उतरतानाच संपवतो.

वेटसूट हा स्पंजासारख्या रबराचा, निओप्रीनचा असतो. त्यातले हवेचे सूक्ष्म बुडबुडे ऊब धरून ठेवतात. गोम अशी की खोलीबरोबर दाब वाढतो आणि हेच बुडबुडे चेपले जातात. वीस मीटरवर पाण्याचा आणि हवेचा मिळून दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असतो, त्यामुळे ज्या ठिकाणी ऊब सगळ्यात जास्त हवी तिथेच सूट पातळ होतो. म्हणून दहा-बारा अंशांच्या खाली बहुतेक जण ड्रायसूट घालतात. ड्रायसूट स्वतः फारसा उबदार नसतो. त्याचं काम पाणी बाहेर ठेवणं एवढंच. मान आणि मनगटाला घट्ट रबरी पट्ट्या, पाणी न शिरणारी जाड झिप, आणि आत जाड अस्तराचा अंगरखा. ऊब देतो तो अंगरखा आणि त्यात अडकलेली हवा.

पण अंगाभोवती हवा ठेवायची म्हटलं की ती सांभाळायलाही लागते. खाली जाताना ती हवा आकसते आणि सूट अंगाला आवळतो. म्हणून छातीवरचं बटण दाबून टाकीतली थोडी हवा आत घ्यावी लागते. वर येताना ती फुगते. म्हणून सोडावी लागते. सोडायचा व्हॉल्व्ह सहसा डाव्या दंडावर असतो. कोपर वर उचललं की हवा वाहत दंडाशी येते आणि फुसफुसत बाहेर पडते. नवखा माणूस कोपर उचलायला विसरतो किंवा डोकं खाली, पाय वर अशा अवस्थेत जातो. मग हवा पायांकडे धावते, बूट फुग्यासारखे फुगतात आणि माणूस उलटा, पाय वर करून पृष्ठभागाकडे ओढला जातो. त्यातून सुटायची रीत तलावात शिकवतात: गुडघे पोटाशी घ्यायचे, कोलांटी मारायची, व्हॉल्व्ह उघडायचा. ड्रायसूटचं स्वतंत्र प्रशिक्षण असतं ते याचसाठी. उधारीवर सूट घेऊन थेट समुद्रात उतरणं हा शहाणपणा नव्हे.

आतल्या हवेमुळे अंग तरंगायला बघतं, तेव्हा कमरेला शिसंही जास्त बांधावं लागतं. अंगरखा जाड असेल तर दहा किलोच्याही पुढे. किनाऱ्यावर चालताना हे वजन नकोसं होतं. पाण्यात गेल्यावर ते जाणवत नाही, पण अंगावर जितकं शिसं जास्त तितकी हवा जास्त, आणि हवा जितकी जास्त तितकं तिचं आकसणं-फुगणं जास्त. म्हणून अंगावर गरजेपुरतंच शिसं बांधावं, ‘असू दे दोन किलो जास्त’ म्हणू नये.

उथळ पाण्यातला दाब

आता या सगळ्याला उथळपणा कसा नडतो ते बघू. समुद्रात दर दहा मीटरला दाब साधारण एक बारने वाढतो. पृष्ठभागावर १ बार, दहा मीटरवर २, वीसवर ३, तीसवर ४. आता तीस मीटरवरून विसावर या: दाब चारवरून तीनवर येतो आणि हवेचं आकारमान एक तृतीयांशाने वाढतं. दहावरून पृष्ठभागावर या: अंतर तेवढंच, पण आकारमान दुप्पट होतं. म्हणजे फुगण्या-आकसण्याचा सगळ्यात मोठा खेळ वरच्या दहा मीटरमध्येच असतो. तरंगण्याचं संतुलन सांभाळायला दहा मीटर हे तिसापेक्षा अवघड, हे ऐकायला उलटं वाटतं, पण खरं आहे.

म्हणूनच श्वास कधीही रोखायचा नाही हा नियम उथळ पाण्यात जास्तच कडक पाळायचा. फुप्फुसं पूर्ण भरलेली असताना श्वास रोखून दीड मीटर वर आलं तरी फुप्फुसाला इजा होऊ शकते.

उथळ पाण्याला लाटाही पोचतात. लाटेची हालचाल तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत जाणवते. दहा-दहा सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटेची लांबी खुल्या समुद्रात सुमारे १५६ मीटर असते, म्हणजे तिचा हलकासा हेलकावा ७८ मीटरपर्यंत पोचू शकतो. वीस मीटरवर तर तो चांगलाच लागतो. वरून समुद्र शांत दिसत असला, तरी दूरच्या वादळाची लांब लाट तळाशी डायव्हरला दोन मीटर पुढे, दोन मीटर मागे ढकलत राहते, आणि मध्ये असते गंजलेल्या पत्र्याची धारदार कड. बोटीवर जाण्याआधी वाऱ्याचा अंदाज सगळे बघतात. लाटांच्या अंतराचा आकडा बघणारे कमी. माझ्या मते उथळ जहाजासाठी वाऱ्यापेक्षा हा आकडा जास्त मोलाचा आहे.

हवेचं गणित, आणि ती गोठते तेव्हा

१२ लिटरची टाकी २०० बारने भरली की तिच्यात सुमारे २,४०० लिटर हवा मावते. त्यातली शेवटची ५० बार, म्हणजे ६०० लिटर, राखीव. उरली १,८००. शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला साधारण २० लिटर हवा घेतो असं धरू. वीस मीटरवर दाब तिप्पट, म्हणून तोच श्वास ६० लिटरचा होतो. १,८०० भागिले ६०, तीस मिनिटं. दहा मीटरवर तीच टाकी ४५ मिनिटं पुरते. हा झाला कागदावरचा हिशेब. थंडीने कुडकुडणारा, प्रवाहाशी झगडणारा माणूस २० ऐवजी ३० लिटर घेतो, आणि तीस मिनिटांची वीस होतात. तुलनेसाठी: पाडी या संस्थेच्या तक्त्यात १८ मीटरवरून, नायट्रोजन बाहेर पडू देणाऱ्या थांब्यांशिवाय, थेट वर यायची मुभा ५६ मिनिटांपर्यंत आहे. एका टाकीत तिथवर पोचणारे थोडेच. नायट्रोजनचा नंबर मागे पडतो तो असा.

रेग्युलेटर टाकीतल्या २०० बारच्या हवेचा दाब उतरवून श्वास घेण्याजोगा करतो. हे दोन टप्प्यांत होतं. टाकीवर बसवलेला पहिला टप्पा दाब बाहेरच्या पाण्यापेक्षा नऊ-दहा बार जास्त एवढ्यावर आणतो, तोंडातला दुसरा टप्पा उरलेलं काम करतो. दाब अचानक उतरला की वायू थंड होतो. डिओडरंटचा डबा बराच वेळ फवारला की हातात गार लागतो, तेच इथे फार मोठ्या प्रमाणावर घडतं. पहिल्या टप्प्याच्या आतलं तापमान शून्याच्या बरंच खाली जातं. आजूबाजूचं पाणी आधीच पाच-सहा अंशांचं असेल तर तिथे बर्फ धरतो, व्हॉल्व्ह अडकतो, आणि तो अडकतो उघड्या अवस्थेत. मग हवा थांबत नाही. तोंडातून, गालांवरून बुडबुड्यांचा लोंढा सुटतो, कानांत नुसता घरघराट, समोरचं काही दिसत नाही. याला फ्री-फ्लो म्हणतात. वीस मीटरवर असं झालं तर टाकी काही मिनिटांत रिकामी होऊ शकते.

युरोपात ईएन २५० नावाचं मानक आहे. त्यात दहा अंशांच्या खालचं पाणी थंड मानलं जातं आणि तिथे वापरायच्या रेग्युलेटरची वेगळी चाचणी होते. असा रेग्युलेटर घेतला तरी सवयी सांभाळाव्या लागतात. बोटीवर, गार वाऱ्यात, उगाच रेग्युलेटरमधून श्वास घेऊन बघायचा नाही, कारण उच्छ्वासातली वाफ आत गोठते. पाण्यात असताना सूटमध्ये हवा भरणं, तरंगणं सांभाळणाऱ्या जाकिटात हवा भरणं आणि श्वास घेणं एकाच वेळी करायचं नाही. भरायची तर थोडी थोडी, टप्प्याटप्प्याने. टाकीत भरलेली हवा कोरडी असावी, हे भरणाऱ्याच्या हातात असतं. इतकं करूनही फ्री-फ्लो होऊ शकतो, म्हणून वेगळ्या व्हॉल्व्हवर दुसरा रेग्युलेटर किंवा छोटी वेगळी टाकी बरोबर नेण्याची पद्धत थंड पाण्यात रूढ आहे.

प्रवाहाचं वेळापत्रक

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते, अष्टमीच्या आसपास भांगाची. उधाणाला पाणी जास्त चढतं-उतरतं, म्हणून प्रवाहही जोरात असतो. किनाऱ्यालगतच्या जहाजावर जायचं तर भांगाचे दिवस निवडायचे आणि त्यातही भरती-ओहोटीच्या मधली ती थोडी मिनिटं, जेव्हा पाणी वळण्याआधी थबकतं. डायव्हर त्याला ‘स्लॅक’ म्हणतात. काही ठिकाणी हा थांबा तासभर असतो, काही ठिकाणी वीस मिनिटंही नाही. आणि तो जवळच्या बंदराच्या भरतीच्या वेळेला जुळतोच असं नाही. भूरचनेप्रमाणे तो तास-दोन तास मागेपुढे असू शकतो. तक्ता पाठ असला तरी त्या जागी रोज बोट नेणाऱ्या कप्तानाचा शब्द शेवटचा.

याचं ठसठशीत उदाहरण म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांमधली बरा साउंड ही खाडी. स्कापा फ्लो या नौदलाच्या तळाकडे शत्रूच्या पाणबुड्या येऊ नयेत म्हणून अशा खाड्यांमध्ये जुनी जहाजं मुद्दाम बुडवून वाट अडवली होती. बरा साउंडमध्ये अशी काही जहाजं पंधरा-एक मीटरवर पडली आहेत. तिथला प्रवाह इतका जोरकस की स्लॅक सोडून उतरायचा विचारच नको. पण त्याच प्रवाहामुळे गाळ साचत नाही आणि पाणी काचेसारखं असतं. एकदा उलट्या पडलेल्या जहाजाच्या आत शिरलं की बाहेरचा प्रवाह लागत नाही. मात्र आतल्या शांततेत घड्याळ विसरलं, तर बाहेर पडताना नदी वाहत असते.

खाली उतरताना

वरून बोट जहाजावर एक जड वजन टाकते. वजनाला दोर, दोराला वर बोया. या शॉटलाइनला धरून उतरायचं. पाणी हिरवं का दिसतं? किनाऱ्याजवळ सूक्ष्म वनस्पती आणि जमिनीवरून वाहून आलेलं सेंद्रिय द्रव्य निळा रंग शोषून घेतं, लाल तर पाणीच पहिल्या काही मीटरमध्ये गिळतं. उरतो तो हिरवा. त्याच वनस्पतींचा वसंतात बहर आला की पाणी मटाराच्या रस्स्यासारखं होतं आणि दोन-तीन मीटरपलीकडचं दिसत नाही. इंग्लंडच्या आसपास समुद्र सगळ्यात थंड असतो तो डिसेंबरात नव्हे, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये. आणि सगळ्यात उबदार ऑगस्ट-सप्टेंबरात. समुद्राला तापायला आणि निवायला दोन महिने उशीर लागतो. भर उन्हाच्या मे महिन्यात बोटीवर घामाघूम होऊन खाली उतरलं की दहा-बारा अंश भेटतात.

उतरताना आधी काहीच दिसत नाही. मग हिरव्यात एक गडद डाग येतो, त्याला कडा फुटते, आणि अचानक लक्षात येतं की तो डाग म्हणजे हाताच्या अंतरावरची भिंत आहे. पाण्यात मास्कमधून सगळं एक तृतीयांशाने मोठं आणि एक चतुर्थांशाने जवळ दिसतं, तेव्हा पहिला अंदाज हमखास चुकतो.

आणि होकायंत्र? लोखंडी जहाजाजवळ ते बेभरवशाचं. एवढं लोखंड जवळ असताना सुई भरकटते. म्हणून जहाजावर दिशा ठरवायची ती जहाजावरूनच. इथे थोडं जहाज वाचता यावं लागतं.

जहाज वाचायचं कसं

उथळ पाण्यातली जहाजं बहुधा अखंड नसतात. लाटा वर्षानुवर्षं आदळतात, गंज पत्रा खातो, आणि इतर जहाजांना अडथळा होऊ नये म्हणून बऱ्याचशा सांगाड्यांचे उंच भाग सुरुंग लावून पाडलेले असतात. पितळ, तांबं, ब्राँझ अशा किमती धातूंसाठी जुन्या काळी भंगारवाल्यांनीही हात साफ केलेला असतो. उरतं ते पत्र्याचं एक विस्कळीत शेत. पण जहाज पसरतं ते आपल्याच क्रमाने.

नांगराचे साखळदंड एका ढिगात गंजून एकजीव झालेले दिसले, शेजारी नांगर उचलायचं अवजड यंत्र दिसलं, की हे जहाजाचं पुढचं टोक. वाफेवरच्या जहाजाचे बॉयलर सगळ्यांत शेवटी मोडतात. जाड पत्र्याची, कित्येकदा माणसापेक्षा दुप्पट उंच पिंपं. बाकी सगळं सपाट झालं तरी ती उभी असतात. बॉयलरच्या मागे इंजिन. इंजिनापासून मागे एक जाडजूड दांडा तळावर जाताना दिसतो, तो पंख्याचा. त्याच्या कडेकडेने गेलं की मागचं टोक आणि सुकाणू. म्हणजे एक दांडा सापडला की कुठल्या बाजूला जायचं आणि परत कुठून यायचं हे ठरतं. होकायंत्राची गरजच उरत नाही. पहिल्या डाइव्हला एवढंच करावं: बॉयलर शोधावेत, तिथून मागे जावं, त्याच वाटेने शॉटलाइनला परत यावं. सगळं जहाज एका टाकीत बघायचा हट्ट धरणारे काहीच बघत नाहीत.

लाकडी जहाज असेल तर बहुतेक समुद्रांत जहाजअळी नावाचा एक शिंपल्याच्या जातीचा प्राणी लाकूड पोखरून संपवतो. बाल्टिक समुद्राचं पाणी त्याच्यासाठी फार कमी खारट आहे. म्हणून १६२८ मध्ये स्टॉकहोमच्या बंदरातच बुडालेल्या ‘वासा’ या युद्धनौकेचं लाकूड तीनशे वर्षांनंतरही शाबूत होतं. १९६१ मध्ये तिला वर काढलं. थंड आणि गोडसर पाणी जहाजं जपतं.

लोखंडी जहाज मात्र समुद्री जीवांना आवडतं. वाळूच्या तळावर चिकटायला कडक जागा नसते; जहाज ती पुरवतं. प्रवाहात उभ्या असलेल्या कडांवर पांढरे, नारिंगी प्लूमोस ॲनिमोन हे फुलांसारखे दिसणारे प्राणी दाटीवाटीने फुललेले असतात, शेजारी ‘डेड मेन्स फिंगर्स’ नावाचा मऊ प्रवाळ. उजेड पोचेल तिथपर्यंत केल्प नावाचं मोठं समुद्री शेवाळ. बॉयलरच्या नळ्यांतून काँगर ईल डोकं बाहेर काढून बघत असते, पत्र्याखाली शेवंडाच्या मिशा. टॉर्च लावला की जे राखाडी वाटत होतं ते लाल, केशरी निघतं, कारण पाण्याने खाल्लेला लाल रंग दिव्यातून परत मिळतो.

आत जायचं की नाही

कधी नाही, हे बहुतेकांसाठी सरळ उत्तर. छप्पर असलेल्या जागेत शिरलं की वर यायची वाट बंद होते, आणि वाचण्याचे बहुतेक उपाय वर यायच्या वाटेवरच अवलंबून असतात. आत साचलेला गाळ फिनच्या एका फटक्याने उठतो आणि हातातला टॉर्चही दिसेनासा होतो. ज्यांनी यासाठी वेगळं प्रशिक्षण घेतलं आहे ते दारापासून दोर सोडत जातात आणि हवेचे तीन भाग करतात: एक जाण्यासाठी, एक येण्यासाठी, एक राखीव. ज्याच्याकडे रीळ नाही त्याने दारातून आत टॉर्च मारून बघावं, पुरे. शिवाय अनेक दशकं गंजलेला पत्रा कधी बसेल याचा नेम नसतो. त्याखाली हात घालून शेवंड पकडायला जाणं म्हणजे सापळ्यात हात घालणं.

बाहेरही एक शत्रू असतो: तुटलेली मासेमारीची जाळी आणि गळाचे दोर. जहाजाला माशांची गर्दी असते, म्हणून मासेमार जवळ येतात, जाळी अडकते, कापून सोडून देतात. नायलॉनचा पारदर्शक दोर हिरव्या पाण्यात दिसतच नाही. टाकीच्या व्हॉल्व्हला काहीतरी ओढतंय असं वाटलं की जोर लावायचा नाही, गिरकी घ्यायची नाही. थांबायचं, मागे सरकायचं, जोडीदाराला खूण करायची. कापायला सुरी बहुतेक जणांकडे असते, पण पोटरीला बांधलेल्या सुरीपर्यंत जाड हातमोज्यातला आखडलेला हात पोचेलच असं नाही. छातीजवळ, दोन्ही हातांना पोचेल अशा जागी छोटं दोर कापायचं हत्यार ठेवलेलं बरं.

हात हा थंड पाण्यातला खरा कळीचा मुद्दा आहे. बोटं गार पडली की बारीक कामं आधी जातात: क्लिप उघडणं, रीळ फिरवणं, आपली जागा वर दाखवणारा मार्कर बोया फुगवणं. शरीर अजून ठीक असतं, डोकं ठीक असतं, पण अंगठा बटणावर आहे की नाही तेच कळत नाही. डाइव्ह तिथेच संपवायची. थंडीने अंगात हुडहुडी भरेपर्यंत वाट बघितली तर वर जाताना सूटची हवा सोडणं, थांबा घेणं, बोया वर पाठवणं ही सगळी हातांची कामं त्याच बधिर हातांनी करावी लागतात. अंगठा आणि करंगळीची टोकं जुळवून बघायची; जुळेनात, तर वर.

जहाज कोणाचं?

बुडालेलं जहाज बेवारस नसतं. ब्रिटनमध्ये जहाजातली कोणतीही वस्तू वर आणली तर ती २८ दिवसांच्या आत ‘रिसीव्हर ऑफ रेक’ या सरकारी अधिकाऱ्याकडे नोंदवावी लागते. १९७३ च्या कायद्याने ऐतिहासिक महत्त्वाची काही जहाजं परवान्याशिवाय डायव्हिंगला बंद आहेत. १९८६ च्या कायद्याने काही लष्करी जहाजं. स्कापा फ्लोमध्येच ‘रॉयल ओक’ ही युद्धनौका आहे. ऑक्टोबर १९३९ मध्ये यू-४७ ही जर्मन पाणबुडी वाट अडवणाऱ्या जहाजांच्या मधून शिरली आणि तिने ही नौका बुडवली. आठशेहून अधिक माणसं गेली. ती समाधी मानली जाते आणि तिथे उतरायला मनाई आहे. युनेस्कोचा २००१ चा करार किमान शंभर वर्षं पाण्याखाली असलेल्या वारशाबद्दल म्हणतो की पहिला पर्याय म्हणजे ते जिथे आहे तिथेच ठेवणं. पितळी खिडकी उचलून घरी नेणाऱ्यांचा जमाना एकेकाळी होता. आता कायदाही विरुद्ध आहे, आणि बोटीवरचे बाकीचे डायव्हरही.

वर आल्यावर

वर येताना मिनिटाला नऊ-दहा मीटरपेक्षा वेगाने यायचं नाही आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. हा थांबा थंडीत जिवावर येतो, कारण तोवर हालचाल थांबलेली असते आणि सगळी ऊब तिथेच गळते. पण तो टाळायचा नाही, उलट थंडीत त्याची गरज वाढते. खाली जाताना, काम करताना अंग गरम असतं, रक्त सगळीकडे फिरतं आणि नायट्रोजन भरपूर आत जातो. वर येताना अंग गार, हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसलेल्या, म्हणून तो बाहेर पडायला वेळ लागतो. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगांत नेमकं हेच दिसलं: तळाशी गरम आणि वर येताना गार, ही जोडी सगळ्यात वाईट. खोली आणि वेळ मोजणाऱ्या मनगटावरच्या संगणकाला तुमचे हात गार पडलेत हे कळत नाही. म्हणून थंडीत त्याने दिलेली मुभा पूर्ण वापरायची नाही.

त्यात थंडी आणि पाण्याचा दाब दोन्ही लघवी वाढवतात, त्यामुळे शरीर कोरडं पडतं. कोरड्या शरीरातून नायट्रोजनही नीट बाहेर पडत नाही असं मानलं जातं. म्हणून उतरण्याआधी पाणी कमी प्यायची युक्ती, जी ड्रायसूटवाल्यांना फार मोहात पाडते, ती वाईट. बोटीवर आल्यावर लगेच जड टाक्या उचलायच्या नाहीत, लगेच कढत पाण्याची अंघोळ करायची नाही. दोन्हींनी बुडबुडे सुटायला मदत होते. कोरडे कपडे, टोपी, काहीतरी गरम पेय, आणि वाऱ्यापासून आडोसा.

यातली सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे बधिर बोटं. थंडीने बोटं बधिर होतात, मुंग्या येतात. नायट्रोजनच्या बुडबुड्यांमुळे होणाऱ्या आजाराची सुरुवातही बऱ्याचदा तशाच मुंग्यांनी होते. फरक करायचा सोपा मार्ग म्हणजे वेळ: गरम झाल्यावर अर्ध्या तासात थंडीची बधिरता जाते, दोन्ही हातांना सारखीच असते. एकाच हाताला राहिली, खांद्यात किंवा कोपरात खोल दुखू लागलं, अंगावर लाल-जांभळे चट्टे आले, तर ‘थंडीच असेल’ म्हणून झोपून जायचं नाही. बोटीवरचा शुद्ध ऑक्सिजन लगेच सुरू करायचा, किनारारक्षक दलाला कळवायचं आणि शेवटची डाइव्ह किती खोल, किती वेळ झाली ते संगणकावरून वाचून कागदावर लिहून ठेवायचं. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.